पाटावरची रायफल

काकांबरोबर दुकानात जायचं म्हटलं की मी डोकेदुखीचं निमित्त शोधायचे. वस्तू त्यांना हवी, पैसे त्यांचे, हुज्जत त्यांची, आणि मान खाली घालून ट्रॉलीच्या दांड्याशी चाळा करत उभी मी. मार्केटातल्या थाई बाईला ते विचारणार, "ही पपई कालची आहे, मग भाव आजचा का?" केमिस्टकडे विचारणार, गोळ्यांची पट्टी अर्धी कापून मिळेल का. हार्डवेअरच्या दुकानात तर त्यांनी एकदा एक स्क्रू मागितला होता. एकच. "एकच हरवलाय, तर अख्खं पाकीट घेऊन मी काय त्याचं लोणचं घालू?" आणि गाडीत बसल्यावर वर मलाच ऐकवायचं, "विचारायला काय जातं गं?" त्यांचं खरंच काही जात नसे. अब्रू जायची ती माझी.

काका माझे घरमालक. नात्याचे कुणी नव्हेत. मी डार्विनला शिकायला आले, कारण इथल्या युनिव्हर्सिटीत शिकलं की पीआरचे, म्हणजे कायम राहायच्या परवानगीचे, पॉइंट जास्त मिळतात. उगाच ट्रॉपिकल सूर्यास्ताच्या ओढीने आले असं सांगण्यात अर्थ नाही. त्यांच्या घराची मागची खोली मिळाली, आणि पोळीभाजी काकूंच्या हातची. मी डिग्री संपवून हॉस्पिटलच्या ॲडमिशन डेस्कवर लागले, आणि त्याच वर्षी काकू गेल्या. मुलगा इंग्लंडला. तो दहा दिवस राहून परत गेला, मग कोविड आला, सरहद्दी बंद झाल्या आणि त्या मोठ्या घरात आम्ही दोघंच उरलो. मी दुसरीकडे खोली बघणार होते. राहून गेलं.

काका सरकारी खात्यात सर्व्हेयर होते. आयुष्य जमिनी मोजण्यात गेलेलं, त्यामुळे नियम, हद्द, रेघ या गोष्टींवर फार जीव. कोविडात तर त्यांना नियमांचं कोठारच सापडलं. इथल्या मराठी मंडळाच्या झूम मीटिंगला ते मास्क लावून बसायचे. घरात, स्वतःच्या खुर्चीत, स्क्रीनसमोर. "काका, तो माणूस तिकडे पामर्स्टनला आहे," मी म्हटलं. तर म्हणाले, "समोर आहे की नाही? मग." डार्विनला कधी नव्हे तो चार दिवसांचा लॉकडाऊन लागला, तेव्हा आम्ही किराणा आणायला निघालो आणि रस्त्यावर एका पोलिसाने गाडी थांबवली. काकांनी काच खाली करून त्याच्याकडूनच खुलासा मागितला की फाटकाबाहेरच्या आंब्याला पाणी घालणं हे बाहेर जाण्यात मोडतं का. मागे गाड्यांची रांग लागली होती. तो बिचारा पोलीस खरंच विचार करायला लागला. मी स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसले होते.

अशा या माणसाने एका सकाळी चहात टोस्ट बुडवता बुडवता मला सांगितलं, "मला बंदूक घ्यायचीय."

माझा चहा सांडला. लोकांची म्हातारी माणसं कोविडात बागकाम करत होती, भजनं रेकॉर्ड करून पाठवत होती. आमच्या नशिबी हे.

"तसलं काही नाही गं," ते म्हणाले. "साधी पॉइंट टू-टू, बारीक गोळीची रायफल. स्वस्तातली. कुणाला मारायचं नाही, कागदाला भोकं पाडायची."

मग त्यांची ती एनसीसीची गोष्ट आली. सांगलीच्या कॉलेजात असताना त्यांना एकदा, एकदाच, फायरिंगला नेलं होतं. पाच गोळ्या मिळाल्या. पाचही एका रुपयाएवढ्या जागेत बसल्या. सुभेदार म्हणाले, अरे, हा पोरगा कोण? पुढे नोकरी, लग्न, परदेश. काकूंना घरात खेळण्यातली बंदूकसुद्धा चालत नसे, तिथे खरी कुठली. "आता कोण नाही म्हणणार आहे?" काका म्हणाले आणि टोस्टचा गळून पडलेला तुकडा चमच्याने शोधत राहिले.

इथे बंदूक घेणं म्हणजे मिक्सर घेणं नव्हे. आधी क्लबची मेंबरशिप, मग सुरक्षेचा कोर्स, मग लायसन्स, मग दर बंदुकीची वेगळी परवानगी, आणि घरात भिंतीला बोल्ट मारून ठोकलेलं लोखंडी कपाट. त्याला सेफ म्हणायचं. वापरात नसेल तेव्हा बंदूक सेफमध्ये, हा सगळ्यात मोठा नियम. काका प्रत्येक पायरी इतक्या आनंदाने चढले की जणू पुन्हा बोहल्यावर चढत होते. आणि मंडळात मी कुणालाही ताकास तूर लागू दिली नाही. आमच्याकडची माणसं घरं घेतात, मोठ्या गाड्या घेतात, मुलांना प्रवेशपरीक्षेच्या सिलेक्टिव्ह शाळेत घालायला सिडनीला जातात. बंदूक कोण घेतं? आणि माझं नाव त्याच पत्त्यावर.

दुकानात मीच घेऊन गेले, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांचं ड्रायव्हिंग बंद होतं म्हणून. काउंटरमागे दाढीवाला, हातावर मगर गोंदलेला, स्वभावाने गाईसारखा एक माणूस. त्याने नव्या माणसाला द्यायच्या ठरावीक रायफली काढून ठेवल्या. बोल्ट ॲक्शन, म्हणजे दर गोळीला हाताने खटका मागेपुढे करायचा. एक स्टेनलेस स्टीलची, प्लॅस्टिकच्या दस्त्याची. "डार्विनच्या हवेला हीच घे, मेट, गंजत नाही." काकांनी दस्ता बोटाने वाजवून पाहिला. "ही बादलीसारखी वाजते," मला मराठीत म्हणाले. दुसरीवर दुर्बीण बसवलेली होती, सेटमध्ये स्वस्त पडत होती. "चष्मा माझ्या डोळ्याला आहे. बंदुकीला वेगळा कशाला?" हे मात्र इंग्रजीत. तिसरी त्यांना जड वाटली, चौथीचा खटका त्यांच्या मते कुरकुरत होता. दाढीवाला हसत होता. मी भिंतीवरच्या मासेमारीच्या गळांच्या किमती एकेक करून वाचत होते.

मग काकांनी पिशवीतून चटई काढली. घरून आणली होती, मला पत्ता नव्हता. दुकानाच्या मधोमध, दीड मीटर अंतर ठेवा असं लिहिलेल्या गोल स्टिकरवर त्यांनी ती अंथरली, चपला काढून शेजारी नीट ठेवल्या, आणि पालथे झोपले. पाय फाकून, कोपरं टेकून, एनसीसीत शिकवलं तसे. "झोपून मारायची तर झोपून बघायला नको?" लोक वळसा घालून जायला लागले. एका लहान मुलाने आईला विचारलं, "इज ही डेड?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दाढीवाला मात्र काउंटर सोडून बाहेर आला, रिकामी आहे ना ते तपासून एकेक रायफल त्यांच्या हातात देत राहिला, आणि दर वेळी "नो वरीज" म्हणत राहिला.

शेवटी काकांनी घेतली ती या कुठलीच नव्हे. कोपऱ्यात कुणीतरी विकायला ठेवलेली एक जुनी, लाकडी दस्त्याची रायफल उभी होती. काळी नळी, दस्त्यावर पोचा, पट्टा तुटका. दाढीवाल्याने स्पष्ट सांगितलं, ही ओल्या हवेत गंजणार, रोज पुसावी लागेल. काकांनी ती गालाला लावली आणि इतका वेळ चाललेली त्यांची बडबड बंद झाली. बराच वेळ ते तसेच पडून होते. "हीच होती," असं काहीतरी म्हणाले. ही ती एनसीसीतली नव्हती हे त्यांनाही कळत होतं. मग उठून, चटई झटकून, पोच्याचे किती कमी करणार ते विचारलं. मी गाडीत जाऊन बसले.

गोळ्यांचीही तेव्हा टंचाई. लोकांनी टॉयलेट पेपर साठवला तशा गोळ्याही साठवल्या होत्या, त्यामुळे माणशी एकच डबी. काका माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ही पण माणूस आहे." माझ्याकडे लायसन्स नाही म्हटल्यावर गप्प बसावं की नाही? तर विचारतात, "मग ही नुसती माझ्याबरोबर उभी राहिली त्याचं काही नाही का?"

पण रविवार सकाळ. रविवारच्या सकाळी मला त्यांची लाज वाटत नसे, हेही सांगायला हवं. रेंज गावाबाहेर, लाल मातीत. लाल झेंडा वर गेला की सगळे ओळीने झोपायचे आणि पन्नास मीटरवरच्या कागदावर मारायचे. निवृत्त नळदुरुस्तीवाले, एक माजी शाळामास्तर, एक माशांच्या होडीवरची आजीबाई, आणि काका. घरी सकाळपासून रात्रीपर्यंत बोलणारा हा माणूस तिथे तासन्‌तास बोलत नसे. मी मागच्या बाकावर कानाला आवाज अडवणारे मफ लावून बसायचे. फायरिंग थांबलं की सगळे मिळून आपापला कागद बघायला चालत जायचे, आणि येताना एकमेकांचे कागद बघत, माना हलवत यायचे. "इतकी वर्षं झाली मला या देशात," काका एकदा म्हणाले, "दर माणसाने विचारलं, तू मूळचा कुठला. इथे विचारतात, आज नेम कसा लागला?" मुलाशी फोनवर बोलताना आधी औषधांबद्दल बोलायचे. आता भोकांबद्दल बोलायला लागले. फ्रिजवर काकूंनी लावलेलं कॅलेंडर होतं, त्याच्याभोवती कागदच कागद झाले. मी दर शनिवारी नाइट शिफ्ट टाळायला लागले, ती रविवारी त्यांना न्यायचं म्हणून. त्यांच्याकडे आठवड्यात दुसरं काही नव्हतं, आणि आम्हा दोघांनाही ते ठाऊक होतं.

पावसाळाभर ते रोज संध्याकाळी रायफल काढून शिलाई मशीनच्या तेलाने पुसायचे, आणि परत सेफमध्ये. गंजाचा एक ठिपका धरला नाही.

मग आली खंडेनवमी.

आमच्याकडे या दिवशी हत्यारं पुजतात. काकांच्या घरी दरवर्षी पाटावर त्यांचं जुनं सर्व्हेचं यंत्र असायचं, काकूंची विळी असायची, माझा लॅपटॉप असायचा. त्या वर्षी त्यांनी पाटावर मधोमध रायफल ठेवली. कुंडीतल्या झेंडूचा हार, दस्त्यावर हळदकुंकू, नळीवर अक्षता. आणि संध्याकाळी मंडळाच्या झूमवर कॅमेरा वळवून सगळ्यांना दाखवली. मास्क लावून. कुणाचा तरी मुलगा ओरडला, "मम, दॅट्स अ रिअल गन!" एका डॉक्टरीणबाईंनी कॅमेरा बंद केला. सेक्रेटरींचा मला मेसेज आला, "अगं, ते बाजूला करायला सांग ना त्यांना, प्लीज." मी काय सांगणार? मी फोन उलटा ठेवला आणि प्रसादाचं बघायला स्वयंपाकघरात गेले. कान असे तापले होते की त्यावर पापड भाजला असता.

मला वाटलं, झूम संपलं की बंदूक कपाटात जाईल. सकाळी उठून बघते तर देवाच्या खोलीत पाटावर रायफल तशीच, आणि शेजारी जमिनीवर चटई टाकून काका झोपलेले.

"काका, ही रात्रभर बाहेर?"

"उत्तरपूजा कुठे झालीय? पूजेतली वस्तू हलवतात का? आज दसरा, अंघोळ करून उत्तरपूजा करतो, मग ठेवतो." वर म्हणाले, "बोल्ट, तो खटका, काढून सेफमध्ये ठेवलाय मी, त्याशिवाय ती उडत नाही. आणि राखायला मी स्वतः इथे झोपलो. पाठ धरलीय सगळी."

अंघोळ करून ते सोवळं नेसून येतात तोच बेल वाजली. सेफ तपासायला पोलीस. दोन दिवसांपूर्वी फोन करून वेळ ठरवलेली होती, आणि काकांच्या ती लक्षात होती. मला सांगायचं मात्र राहिलं होतं. मी दारात मास्क शोधत, हळू आवाजात त्यांना विनवलं, "आधी उचला ती, कपाटात टाका, मी दोन मिनिटं थोपवते त्यांना." पण काकांनी दार उघडलंसुद्धा. "या, या," म्हणाले, "पूजेच्या वेळेला आलात."

मध्यम वयाच्या पोलीसबाई होत्या. बूट काढू का म्हणून स्वतःहून विचारलं. देवाच्या खोलीच्या दारात उभ्या राहून त्यांनी पाट पाहिला, हार पाहिला, उघड्या अंगाचे काका पाहिले. हसल्या नाहीत. सगळं नीट विचारून घेतलं. काकांनीही खुलासेवार सांगितलं, दसरा म्हणजे काय, पूजा म्हणजे काय, हलवायचं का नाही. त्या म्हणाल्या, "ठीक आहे, म्हणजे बंदूक रात्रभर सेफच्या बाहेर, पण तुम्ही सतत इथेच होता. तुमच्या ताब्यात होती." काका म्हणाले, "सतत." मग बाईंनी विचारलं, "म्हणजे तुम्ही जागे होता?"

मला तेव्हा एवढंच दिसत होतं, की या एका उत्तरावर सगळं अडलंय. 'हो' म्हणाले तर ताकीद देऊन जातील. 'नाही' म्हणाले तर रायफल जाईल, लायसन्स जाईल, रविवार जाईल. मी काकांच्या मागे उभी होते. मी मान न वळवता हळूच म्हणाले, "काका, जागरण होतं म्हणा. नवरात्राचं."

काकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मग बाईंना स्वच्छ, सर्व्हे खात्यातल्या इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, शी इज टेलिंग मी टू से आय वॉज अवेक. वुई डू हॅव सच अ कस्टम. बट आय स्लेप्ट. आय स्लेप्ट व्हेरी वेल."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लहानपणी ऐकलेलं होतं. त्या दिवशी मी खरोखर टाइल्सकडे पाहत होते. माझी पीआरची फाईल तेव्हा कॅनबेराला पडलेली, आणि मी पोलिसासमोर खोटं पढवताना पकडली गेले होते, तेही ज्याच्यासाठी पढवलं त्याच्याकडून. बाईंनी मास्कच्या वरून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "तुझं मी काही लिहून घेत नाहीये," म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग काकांनी दोन मिनिटं मागितली. बाई बाजूला उभ्या राहिल्या. काकांनी अक्षता वाहिल्या, मंत्र म्हटला, रायफल पाटावर जराशी उत्तरेला सरकवली. धोतराच्या टोकाने कुंकू पुसलं, कारण ओल धरली की गंज चढतो. सेफमधून बोल्ट आणून दिला. आणि बाई रायफल पिशवीत घालून घेऊन गेल्या.

लायसन्स रद्द झालं. मी म्हटलं, अपील करू, धार्मिक बाब आहे, तुमचं वय आहे, इतक्या वर्षांची सरकारी नोकरी आहे, क्लबवाले साक्ष देतील. काका म्हणाले, "झोपलो होतो ना? मग काय लिहायचं?" रायफल दाढीवाल्याच्याच दुकानात विकायला गेली. पुढच्या रविवारी सकाळी काका सवयीने पहाटेच तयार होऊन बसले, मग चपला काढून ठेवल्या. फ्रिजवरचे कागद त्यांनीच उतरवले. दिवसभर बोलणारा माणूस जेवताना वाटीकडे बघत जेवायला लागला. घरातली ही शांतता मला सोसेना. त्यांनी पुन्हा दुकानात लोळण घेतली असती तरी चाललं असतं.

झालेली हकिकत मात्र ते विचारेल त्याला सांगत. लपवाछपवी नाही. मुलाला सांगितली, झूमवर मंडळाला सांगितली. बाई कशा आल्या, बूट काढू का म्हणाल्या, आपण कसे घोरत होतो. दर वेळी मी जीव मुठीत धरून बसायचे, आता माझं येणार, आता येणार. येत नसे. पोलिसाला तोंडावर सांगितलेली गोष्ट त्यांनी आपल्या माणसांत एकदाही काढली नाही. मला वाटायचं, हे शिक्षा देतायत मला. एकदा सांगून टाकलं असतं तर मी सुटले असते.

काही आठवड्यांनी काका म्हणाले, चल, नुसतं बघून येऊ. रेंजवर ते मागच्या बाकावर माझ्याशेजारी बसले, कानाला मफ लावून. आजीबाईंनी त्यांना चहा दिला. फायरिंग थांबलं तेव्हा त्यांनी तिथेही सगळी गोष्ट सांगितली, सगळे हसले, काकाही हसले. माझा भाग तिथेही गाळला. लोक आपापले कागद बघायला गेले, तेव्हा काका उठून उभे राहिले, आणि मग पुन्हा बसले.

येताना मला राहवलं नाही. "काका, तुम्ही सगळ्यांना सगळं सांगता. माझं का नाही सांगत?"

"त्यात काय सांगायचंय?"

"मग त्या बाईंना का सांगितलंत? तिथल्या तिथे, माझ्यासमोर? मी तुमच्यासाठीच बोलले होते ना?"

त्यांनी सीटबेल्ट नीट करून घेतला. मला वाटलं, आता नियमांवर प्रवचन येणार.

"तू मराठीत बोललीस म्हणून," ते म्हणाले.

मला काही कळेना.

"त्या बाईने जन्मात कधी मराठी ऐकली नसेल. तिला शब्द नाही कळले, पण कुजबुज कळली. पोलीस आहे ती. उद्या आपलं कुणी रस्त्यात आईशी फोनवर बोलत असेल, तर तिला वाटणार, ही लपवायची भाषा आहे. मला फार लाज वाटली गं. बंदुकीचं काय, आज आहे उद्या नाही." मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "तू सरळ पुढे होऊन तिला इंग्लिशमध्ये सांगितलं असतंस ना, की आमचं रात्रभर जागरण होतं, तर मी 'येस' म्हटलं असतं."

मी गाडी चालवत राहिले. घर येईपर्यंत मला त्यांच्याकडे बघता आलं नाही.